अंबरनाथ ते बारवी, दोरीशिवाय

२६ डिसेंबर २००५, सोमवार. अंबरनाथ

काम एकच होतं. बाबांची गाडी शनिवारच्या आत बारवी धरणापर्यंत जाऊन परत येईल, अशी करायची. टेलिफोन खात्यातून सहा दिवसांची रजा घेऊन मी सोलापूरहून निघाले, ती त्यासाठी. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी पोचले, आंघोळ केली, आणि चहा होण्याआधी खाली जाऊन गाडी पाहिली.

शनिवारच का, ते आधी सांगते. बाबांचं लायसन्स ३१ डिसेंबरला संपत होतं. बाबा शहात्तर वर्षांचे, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, डाव्या बाजूचं जवळजवळ दिसत नाही. नवं लायसन्स मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की संपायच्या आत एकदा स्वतः चालवत बारवीला जायचं आणि स्वतः चालवत परत यायचं. आई होती तेव्हा आम्ही दर हिवाळ्यात एक रविवार तिकडे जात असू. आता मागची सीट रिकामी, पण गाडी तीच.

गाडी म्हणजे डुक्कर फियाट. पुढून पाहिली की नाव का पडलं ते कळतं. बाबा होते त्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतल्या एका साहेबांनी वापरलेली गाडी बाबांनी घेतली. आमच्या वसाहतीतल्या बौद्ध मंडळींपैकी पहिली गाडी आमची, हे ते अजून सांगतात. पुढे अकरा वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती. निवृत्तीनंतर त्यांनी तिला हात घातला. पत्रा, रंग, सीटा, वायरिंग सगळं सहा वर्षांत नवं केलं. इंजिनाचं काम उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या परसराम मिस्त्रीचं, बाकीचं बाबांचं स्वतःचं.

दिसायला गाडी लग्नातल्या नवरीसारखी. चालायला मात्र अशी, की सहा-सात किलोमीटर गेली की आचके द्यायची, पुढून फट्ट, मागून धडाम, आणि बंद. पाव तास थांबलं की परत सुरू, परत थोडी पुढे, परत बंद. सप्टेंबरपासून चार वेळा ते बारवीला निघाले होते आणि चारही वेळा टेम्पोच्या मागे दोरीने ओढत आले होते. ती पिवळी नायलॉनची दोरी डिकीत व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली होती, आणि दोन्ही टोकांना बाबांनी आकडे बसवले होते.

आकड्यांवरही ७ होता. हा सात काय ते सांगायला हवं. बाबा फॅक्टरीत तपासणी विभागात होते. त्यांच्या शिक्क्याचा नंबर सात. माल पाण्यात बुडवायचा, बुडबुडा आला तर नापास, नाही आला तर त्यावर सात ठोकायचा, असं तीस वर्षं. निवृत्त होताना शिक्का जमा करावा लागला, म्हणून त्यांनी घरी कानस घेऊन दुसरा केला. तेव्हापासून आमच्या घरात डब्यांची झाकणं, खिडक्यांच्या कड्या, स्टोव्हची टाकी, सगळ्यावर सात आहे. ज्यावर सात नाही ती वस्तू त्यांच्या लेखी अजून घरात आलेली नाही.

चहा घेताना मी विचारलं, बिघाड नेमका काय वाटतो. म्हणाले, "परसू. परसू हाच बिघाड आहे."

२७ डिसेंबर, मंगळवार. बदलापूरच्या अलीकडे

आमच्या खात्यात पहिली रीत अशी, की तक्रार आली की लगेच खांबावर चढायचं नाही. आधी लिहून घ्यायचं. फोन कधी बंद पडला, पाऊस होता का, शेजारचा चालू होता का. निम्मे दोष कागदावरच सापडतात. मी वही घेतली आणि म्हटलं, चला, बंद पाडू या.

सकाळी पंपावर टाकी फुल केली. बाबा लांबच्या फेरीआधी टाकी फुलच करतात. पेट्रोलचा काटा चालत नाही, आणि वाटेत पेट्रोल संपून अडकणं हे त्यांना बेशिस्तीचं वाटतं. मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. माझं काम डाव्या बाजूचं सांगायचं. "सायकल. रिक्षा. पुढे खड्डा." बाबा सावकाश आणि फार नीट चालवतात. त्यांना जे दिसतं त्यात ते चूक करत नाहीत.

सहा किलोमीटरवर पहिला आचका आला. मी वेळ लिहिली. मग कार्ब्युरेटरमधून फट्ट, गाडी दम लागल्यासारखी, आणि शेवटी सायलेन्सरमधून असा धडाका झाला, की रस्त्याकडेच्या सलूनमधून अर्धी दाढी केलेला माणूस फॅक्टरीच्या दिशेने बघत बाहेर आला. अंबरनाथ-बदलापूरकडची जुनी माणसं असा आवाज आला की आधी तिकडेच बघतात. गाडी आहे म्हटल्यावर तो जरा नाराज होऊनच आत गेला.

बाबांनी बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं, कॉइलला हात लावून पाहिला, "गरम आहे" म्हणाले. कॉइल नवी होती. नोव्हेंबरमध्ये बदललेली. त्याआधीची ऑक्टोबरमध्ये. पॉइंट, कंडेन्सर, प्लग, सगळं एकेकदा बदलून झालेलं. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली, दीड किलोमीटर गेली, बंद. पुन्हा पंचवीस मिनिटं. मग एक किलोमीटर. मग मला कंटाळा आला आणि मी विटांचा टेम्पो थांबवला.

दोरीने ओढलं जाताना पुढच्या गाडीत बसणाऱ्याला काही वाटत नाही, मागच्याला फार वाटतं. बाबा ताठ बसून स्टिअरिंग धरून होते. रिक्षावाले बाजूने जाताना मान बाहेर काढून न मागितलेले सल्ले देत होते. एक म्हणाला, "काका, म्युझियममध्ये द्या." बाबांनी त्याला ऐकलं नसल्यासारखं केलं, पण कान लाल झाले.

घरी येऊन मी भाकरी थापायला घेतली, तर पीठ आमच्याकडच्या ज्वारीचं नव्हतं. इथे ज्वारी मिळते, पण तिची भाकरी सोलापूरसारखी उलटत नाही, मोडते. मोडक्या भाकरीबरोबर वांगं खाल्लं. पाठ दुखत होती. संध्याकाळी वहीत मागच्या चार फेऱ्या बाबांना विचारून लिहून काढल्या.

२८ डिसेंबर, बुधवार. उल्हासनगर कॅम्प दोन

बाबांना बाजाराला जाते असं सांगून मी परसूभाईंकडे गेले. बाजार तिथेच असल्याने हे पूर्ण खोटं नव्हतं.

कॅम्प दोनमध्ये सरळ चालता येत नाही. एका दुकानात फर्निचर, शेजारी जीन्स, त्याच्या शेजारी गाड्यांचे सुटे भाग, आणि सगळ्यांचा माल फुटपाथवर. मराठी बाईशी दुकानदार मराठीत सुरू करतो, भाव हिंदीत सांगतो आणि आतल्या माणसाशी सिंधीत बोलतो. आमच्याकडे सोलापुरातही तेलुगू-कन्नडची अशीच सरमिसळ असते, त्यामुळे मला परकं वाटलं नाही.

परसूभाई सत्तरीला आलेले. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून मला बेबी म्हणतात. आता मी एकावन्न वर्षांची, तरी बेबीच. गॅरेजच्या मागेच घर. बसल्याबरोबर आतून भाजलेला पापड आणि पाणी आलं. सिंध्यांकडे पाहुण्याला आधी पापड-पाणी, मग चहा. आमच्याकडे नुसतं पाणी आणि गूळ. पापडाने तहान जास्त लागते हे मी त्यांना लहानपणीही सांगितलं होतं.

बाबांनी या महिन्याच्या सुरुवातीला त्यांना काय सुनावलं ते त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही. मी विचारल्यावर सांगितलं. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. बाबा म्हणाले होते, चाळीस वर्षं पाना धरलास, पण काम तपासायला शिकला नाहीस. तुझं काम मी आयुष्यात पास केलं नसतं. आणि गाडी घेऊन गेले. वाटेत बंद पडली ती वेगळी गोष्ट.

"साहेबांचा शब्द मोठा आहे, बेबी," परसूभाई म्हणाले. "फॅक्टरीवाले सगळे त्यांना मानतात. उसके बाद दोन माणसं आलीच नाहीत. त्यांच्या गाड्या आता समोरच्याकडे दिसतात."

मी विचारलं, गाडी त्यांच्याकडे कधी बंद पडली का. म्हणाले, एकदाही नाही. त्यांनी शहाडपर्यंत नेऊन आणली, विठ्ठलवाडीला नेली. मख्खन. मी विचारलं, ट्रायल घेताना काय करता, पहिल्यापासून सांगा. काय करणार, काटा चालत नाही म्हणून झाकण उघडून काठी घालून पेट्रोल बघायचं, मग तेल, पाणी, मग चावी. पेट्रोल त्यांच्याकडे कमीच असायचं. बाबा गॅरेजमध्ये गाडी ठेवताना टाकी भरलेली ठेवत नाहीत.

सगळं वहीत लिहिलं. कशाचा उपयोग होईल ते कळत नव्हतं. निघताना त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "साहेबांना बोल, पैसा नको, फक्त एकदा गाडी परत आणा."

मी बाबांना काही बोलले नाही. भाजी घेऊन घरी गेले.

२९ डिसेंबर, गुरुवार. जांभूळ

दुसरा प्रयत्न. पुन्हा टाकी फुल, पुन्हा मी डावीकडे. या वेळी औद्योगिक वसाहतीतून जांभूळच्या रस्त्याने. आदल्या दिवशी बाबांनी डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी एक वायर घट्ट केली होती आणि दोष सापडल्याची त्यांची खात्री होती. मी वहीत लिहिलं : सात किलोमीटर, आचका. सव्वासात, फट्ट. साडेसात, धडाम, बंद.

ज्या घरासमोर बंद पडली त्याच्या अंगणातून एक म्हातारे गृहस्थ उठून आले. नाव भोईर. जांभूळच्या पाण्याच्या प्लांटवर त्यांनी जन्मभर व्हॉल्व फिरवले होते. "गारी बंद परली का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गाडीला एक चक्कर मारली. "लय झकास हाय पन."

बाबांचा चेहरा उतरला होता. त्यांची डोळ्यांत औषध घालायची वेळही झाली होती. भोईरांनी त्यांना आत नेऊन खाटेवर झोपवलं. मी थेंब घातले. डोळे मिटून दहा मिनिटं पडून राहायचं असतं. मिटल्या डोळ्यांनी बाबा म्हणाले, "परवा शनिवार."

"ठाऊक आहे."

भोईरबाईंनी न विचारता पानं वाढली. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. तांदळाची भाकरी इतकी पातळ आणि मऊ, की मी दोनदा घडी घालून पाहिली. ज्वारीच्या भाकरीला मी एवढी वर्षं देत आलेला मान त्या दिवशी जरा कमी झाला. सुकटीचा वास साडीला दोन दिवस राहिला, ती तक्रार नाही.

जेवताना भोईरकाका वहीकडे बोट दाखवून म्हणाले, त्यात काय लिवलंय. मी वाचून दाखवलं. कॉइल नवी, प्लग नवे. थांबल्यावर सुरू होते. टाकी फुल असली की सहा-सात किलोमीटरला बंद. एकदा बाबा घाईत अर्ध्या टाकीवर निघाले तर अठरा किलोमीटर गेली. परसूभाईंकडे कधीच बंद पडत नाही.

त्यांनी घास थांबवला. "पेट्रोल जास्त तवा लवकर बंद परते?"

"हो."

"आनि मिस्त्री झाकन उघरून बघतो."

"हो. प्रत्येक वेळी."

ते हात न धुताच मला अंगणात घेऊन गेले आणि लांब दिसणाऱ्या प्लांटच्या टाकीकडे बोट केलं. टाकीच्या माथ्यावर छत्रीच्या दांड्यासारखा वाकलेला एक पाइप होता. "तो कशाला हाय, ताय? पानी खाली उतरलं का वरून हवा पायजे. नायतर पंप खेचून खेचून मरतो, पन पानी येत नाय. टाकी भरलेली तर वर हवा कमी, ती लवकर संपते. आमच्याकरं एकदा त्या पाइपात पाखरानं घरटं केलं होतं. सगल्या अंबरनाथची बोंब."

आम्ही गाडीच्या मागे गेलो. मी पेट्रोलचं झाकण फिरवलं. ते नेहमीपेक्षा घट्ट होतं, आणि सुटलं तेव्हा फुस्स झालं. कुकरची वाफ बाहेर येते तसं नाही. हवा आत जात होती. बोटांना ओढ लागली. भोईरकाकांनी मिशीवरून हात फिरवला.

झाकण उलटं केलं. आतून सायकलच्या ट्यूबची रबरी चकती बसवलेली, कात्रीने अगदी गोल कापलेली. मधोमध जिथे हवेसाठी बारीक छिद्र असायला हवं, तिथे कथलाचा डाग दिलेला, नाण्यासारखा गुळगुळीत. आणि त्या डागाच्या शेजारी, लहान, सरळ, स्वच्छ : ७.

मी ते बराच वेळ हातात धरून उभी राहिले. झाकणातून पेट्रोलचा वास येतो, छिद्र आहे, म्हणजे गळती आहे. गळती दिसली आणि बाबांनी ती बंद केली. दुसरं काही केलं असतं तर मला आश्चर्य वाटलं असतं.

झाकण पर्समध्ये टाकलं. टाकीच्या तोंडावर रुमाल सुतळीने बांधला. भोईरकाका म्हणाले, घरी जाईपर्यंत कुनी बिडी पेटवू नका. बाबांना उठवलं. मागे काय केलं ते त्यांना दिसलं नाही आणि मी सांगितलं नाही. गाडी सुरू झाली. अंबरनाथचा फाटा आला, गाडी चालूच. मी म्हटलं, बदलापूरला वळसा घेऊ या. घेतला. वीस किलोमीटर, एक आचका नाही. रुमाल थोडा भिजला, एवढंच.

"वायरच होती," बाबा म्हणाले. वर्षभरात मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. "परसूनं सैल ठेवली होती."

मी अतिशय दमले होते. म्हटलं, उद्या बोलू.

३० डिसेंबर, शुक्रवार. अंबरनाथ

सकाळी माझा बेत साधा होता. कॅम्प दोनच्या भंगारवाल्याकडून तसंच जुनं झाकण आणायचं, बसवायचं, रविवारी गाडी पकडून सोलापूर. लाइन चालू झाली की तक्रार बंद. कोणामुळे बंद होती हे आमच्या खात्यात फार कोणी विचारत नाही.

पण बाबा सकाळी फिरून आले ते बोलतच. फॅक्टरीतली जुनी मंडळी बागेत भेटतात, त्या सगळ्यांना त्यांनी वायरची गोष्ट सांगून टाकली होती. परसूला एवढंही जमलं नाही, ते आपण आंधळ्या डोळ्यांनी शोधलं. कोणा एकाची मोटार परसूकडे जाणार होती, तीही त्यांनी थांबवली. हे सांगताना ते पोह्यांवर लिंबू पिळत होते.

मी पर्समधून झाकण काढलं आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. म्हटलं, "काल हे काढल्यावर गाडी चालली. वायरमुळे नाही."

त्यांनी ते उचललं. डोळ्यांजवळ नेलं नाही, त्याचा उपयोग नसतो. अंगठा फिरवला. रबर, कड, मग डाग. अंगठा सातवर आला आणि थांबला. तो आकडा त्यांनी आयुष्यात किती वेळा ठोकला असेल, मोजायला कुणी नाही. पोहे गार झाले. मी उठून ओट्यावरचं पाणी पुसत राहिले, कारण समोर बसवत नव्हतं.

"पाण्यात धरून पाहिलं होतं," शेवटी ते म्हणाले. "एक बुडबुडा आला नव्हता."

"नसणारच. काम पक्कं आहे."

"पास मीच केलंय."

मग त्यांनी विचारलं, परसूला सांगितलंस का. नाही म्हटलं.

"सांगू नकोस. मी सांगतो. आणि चारचौघांत सांगतो. त्याला बोललो तेही चारचौघांतच." मग पोह्यांची ताटली पुढे ओढली. "हे गरम कर."

दुपारी ते आतल्या खोलीत होते. ठोकल्याचा आवाज आला नाही, कानशीचाही नाही. मी झोपले. तीन रात्रींची झोप राहिली होती.

३१ डिसेंबर, शनिवार. कॅम्प दोन, मग बारवी

नऊ वाजता परसूभाईंच्या दारात. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन. दुकानात चार माणसं होती. एक फॅक्टरीतलाच, त्याने जय भीम केला. बाबांनी त्याला थांब म्हटलं, मग झाकण परसूभाईंच्या हातात दिलं आणि बूट वाजवून उभे राहिल्यासारखे उभे राहून म्हणाले, "परसराम, तुझ्या कामात खोट नव्हती. ही माझी. सगळ्यांसमोर सांगतोय."

परसूभाईंनी झाकण उजेडात धरलं. उलटं केलं, सुलटं केलं.

"साहेब," ते म्हणाले, "इतका चांगला डाग तर मी पण नाही देऊ शकत."

आधी फॅक्टरीवाला हसला, मग सगळेच. बाबा हसले नाहीत, पण खांदे खाली आले. मग परसूभाई म्हणाले की फुस्स तर त्यांनाही दर वेळी ऐकू यायचं. वाटायचं, पेट्रोलचा गॅस आहे, ऊन आहे. "मी झाकण उघडून रोज तिला श्वास द्यायचो आणि म्हणायचो, बघा, माझ्याकडे चालते."

त्यांनी बारीक ड्रिलने डागाच्या मधोमध छिद्र पाडलं. बाबांनी खिशातून शिक्का काढला. मला वाटलं, आता दुसरा सात. पण त्यांनी तो परसूभाईंपुढे धरला. परसूभाईंनी घेतला नाही. स्वतःचा साधा पंच घेतला आणि सातशेजारी एक ठिपका मारला. पापड-पाणी आलं. मग चहा.

बाबा म्हणाले, चल आमच्याबरोबर. परसूभाईंनी शटर अर्धं ओढलं, घरातून कोकीचा डबा घेतला आणि मागे बसले.

गाडी चालली. याहून जास्त सांगण्यासारखं इंजिनाबद्दल काही नाही, आणि इंजिनाबद्दल सांगण्यासारखं काही नसणं हेच तर हवं होतं. बदलापूर मागे पडलं, झाडी सुरू झाली. डिसेंबरात इकडे गवत सोन्यासारखं पिवळं होतं आणि सागाची पानं रस्त्यावर पापडासारखी मोडतात. सोलापूरकडच्या माणसाला एवढी झाडं एका जागी बघून जरा कोंडल्यासारखं होतं.

एका वळणावर डाव्या कडेने मोळी घेतलेली बाई चालली होती. मी "बाई" म्हणेपर्यंत मागून परसूभाई म्हणाले, "साहेब, लेफ्ट." बाबांनी गाडी उजवीकडे घेतली. फार नाही, हातभर अंतर राहिलं असेल. बाईने वळूनही पाहिलं नाही. मग एक सायकलवाला, तोही डावीकडून. या वेळी आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

धरणाच्या भिंतीपाशी गाडी थांबवून बाबांनी इंजिन बंद केलं. स्वतः बंद केलं. उतरून पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना किती दिसत होतं मी विचारलं नाही. परसूभाईंनी डबा उघडला. कोकी जाड, कांदा-मिरची घातलेली, दह्याबरोबर. आमच्या धपाट्याच्या जवळची, पण धपाट्याला भाजणीची चव असते, हिला तुपाची. तिघांनी सहा खाल्ल्या.

निघताना बाबा ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दार उघडलं, आणि मग बंद केलं. किल्ली माझ्यापुढे धरली.

"लायसन्स रात्रीपर्यंत आहे," मी म्हटलं.

"लायसन्सचं काय घेऊन बसलीस. ती बाई मला दिसली नव्हती, बेबी. दुसराही नाही दिसला." मग किल्ली माझ्या हातात ठेवून, "एवढ्यावर मी नापास करतो."

मी खात्याची जीप चालवलेली आहे, पण या गाडीचे गिअर स्टिअरिंगला असतात. परसूभाई मागून सांगत होते, वर, आपल्याकडे, खाली. बदलापूरच्या चौकात मी क्लच चुकीचा सोडला आणि गाडी धक्का देऊन बंद पडली. मागचे हॉर्न वाजवू लागले.

बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ही खोट नवीन आहे. वहीत लिही."

परसूभाई हसून हसून खोकले. मी गाडी सुरू केली आणि आम्ही घरी आलो. कोणी ओढलं नाही.

१ जानेवारी २००६, रविवार

सकाळी उठून खाली गेले, डिकी उघडली आणि पिवळी दोरी काढली. चांगली मजबूत होती. आकड्यांवर सात होतेच. गॅलरीत एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत बांधली, ओढून पाहिली, आणि आठवड्याचं धुणं तिच्यावर वाळत घातलं. सुकटीचा वास असलेली साडी शेवटच्या टोकाला टाकली. मग बॅग भरली.